सराटा, चिखल आणि बटन टायर

मागचा टायर पार गोटा झाला होता. मधली बटणं घासून सपाट झालेली, कडेची मात्र जवळजवळ नवी. मंठ्यातल्या सायकल दुकानात मिस्त्रीने चाक उभं धरलं, अंगठा एकदा मधून फिरवला, एकदा कडेने, आणि समोरच्या पोराला विचारलं, "डांबरावरच जास्त चालवतो ना रं?" पोरगं हो म्हणालं. कॉलेजला यायचं ते डांबरी रस्त्यानेच. रविवारी तेवढी सायकल शेतात आणि माळावर जायची. सरळ, कडक रस्त्यावर फक्त मधला पट्टा घासतो. कडेची बटणं जमिनीला लागतात ती वळणावर सायकल कलल्यावर. त्यामुळे जुना टायर नीट पाहिला की नवा कोणता घ्यायचा ते निम्मं कळतं.

मग आकडे. टायरच्या बाजूला ५४-५५९ असं कोरलेलं होतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलीमीटरमध्ये. दुकानात यालाच २६ बाय २.१० म्हणतात. २७.५ इंची चाकाचा हा व्यास ५८४ असतो, २९ इंचीचा ६२२ आणि घराघरातल्या जुन्या काळ्या, उंच सायकलीच्या २८ बाय दीडचा ६३५. इंचांच्या नावाने फसगत होते, मिलीमीटरने होत नाही. नवा टायर घ्यायला येताना हा दुसरा आकडा हातावर लिहून आणला तरी एक हेलपाटा वाचतो.

आकार ठरल्यावर खरा प्रश्न येतो तो जमिनीचा. मंठा तालुक्यात वर्षभरात एकाच वाटेची तीन रूपं दिसतात. पावसाळ्यात काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी धरते की टायर दुप्पट जाड होतो आणि चिमट्यात अडकून फिरायचाच थांबतो. हिवाळ्यात तीच माती वाळून घट्ट होते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाणंदीत वर भुसभुशीत धूळ, खाली दगडासारखी ढेकळं. मध्येच मुरमाचा माळ लागतो. तिथं बारीक खडे कडक जमिनीवर सुटे पडलेले असतात आणि त्यांच्यावरून चाक घसरतं.

यातली काही उत्तरं इथल्या शेतकऱ्याला रोजच्या वापरातल्या चाकांमुळे ठाऊक आहेत. लाकडी चाकाच्या बैलगाडीची लोखंडी धाव अरुंद असते. वरचा चिखल कापून ती खालच्या घट्ट थराला टेकते. चिखलासाठीचा सायकल टायरही तसाच असतो: अरुंद, उंच बटणांचा आणि बटणांमध्ये मोकळी जागा सोडलेला, म्हणजे चाक फिरताना माती झडून जाते. ट्रॅक्टरकडे पाहा. मागच्या टायरला तिरपे, जाड खूर असतात, कारण त्याला ओढायचं असतं. पुढच्याला गोल फिरलेल्या धारा, कारण त्याला वळायचं असतं. डोंगरी सायकलीतही कामाची हीच वाटणी आहे. पुढचं चाक घसरलं तर माणूस पडतो, मागचं घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. म्हणून जास्त पकडीचा, कडेला दणकट बटणं असलेला टायर पुढे आणि हलका पळणारा, बुटक्या बटणांचा मागे. जिथं काळी माती पुरुषभर खोल आहे तिथं मात्र अरुंद टायरलाही तळ लागत नाही. भर पावसात तिथं सायकल खांद्यावरच घ्यावी लागते.

चालवण्याची रीतही टायर ठरवते. संगमनेरची सायकलपटू प्रणिता सोमन खेळते त्या क्रॉस कंट्री शर्यतीत चढ भरपूर असतात, म्हणून टायर हलके आणि बुटक्या बटणांचे असतात. नुसत्या उतारावर सुसाट सुटणाऱ्या डाउनहिलच्या सायकलीला अडीच इंचांपर्यंत रुंद, जाड भिंतीचा, किलोभराहून जड टायर लागतो. तो टायर रोज कॉलेजला जाणाऱ्या पोराच्या चाकात घातला तर पाच किलोमीटरवरच मांड्या भरून येतील.

आणि काटे. बांधावरची बाभूळ आणि जमिनीलगत पसरणारा सराटा, म्हणजे आयुर्वेदातलं गोखरू. हीच वनस्पती जुन्या जगातून अमेरिकेत पोचली. तिथल्या कोरड्या नैर्ऋत्य भागातले सायकलस्वार तिच्या बीला 'बोकडाचं डोकं' म्हणतात आणि तिच्या धास्तीने टायरमध्ये लॅटेक्सचा चीक घालून फिरतात. काटा घुसला की चीक भोकात गोठतो आणि हवा थांबते. मोटारीसारखा, आतली पिन निघणारा व्हॉल्व असेल तर साध्या ट्यूबमध्येही असा चीक भरता येतो. मराठवाड्याच्या उन्हात तो काही महिन्यांत सुकतो, तेव्हा भर घालत राहावी लागते.

हवेकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. टायरवर लिहिलेला आकडा बहुधा कमाल मर्यादा असतो. तितकी भरलीच पाहिजे असं नाही. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला दोन इंचांच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये माळरानावर तीस-पस्तीस पीएसआय पुरते. दगडासारखा फुगवलेला टायर मुरमावर उड्या मारतो. फारच कमी हवा ठेवली तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. डांबरावर थोडी जास्त, शेतात थोडी कमी, असं करायला छोटा हातपंप सोबत असला की झालं.

पोराने मागे बुटक्या, दाट बटणांचा टायर घेतला. पुढचा जुनाच ठेवायचा ठरला, पण तो महिन्यात तीनदा पंक्चर झाला होता. मिस्त्रीने तो रिममधून काढला, सुती फडकं आत घालून गोल फिरवलं. एका जागी धागा अडकला. तिथं रबर बाहेरून दाबलं तेव्हा आतून बाभळीच्या काट्याचं तुटलेलं टोक जेमतेम तांदळाच्या कणीएवढं वर आलं. दर वेळी पॅच नवा, काटा तोच. पकडीने तो ओढून त्याने पोराच्या तळहातावर ठेवला, टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना ते पाहिलं आणि पंप हातात घेतला.