पडणं स्वस्त, थांबणं महाग

ताम्हिणी किंवा वरंधा घाटात भर पावसाळ्यात हे दृश्य नवं नाही. मोटरसायकल वळणावर सटकते, आडवी होऊन फरफटत जाते आणि तिच्या मागोमाग तिचा मालकही पाठीवर घसरत येतो. मग दोघं थांबतात आणि मालक उठून उभा राहतो. कोपर सोललेलं, पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली, बाकी शाबूत. जमलेली माणसं म्हणतात, नशीब बलवत्तर. नशिबाचा वाटा असेलही, पण त्या चार सेकंदांचा हिशेब मांडून बघा. पडण्याने माणूस सहसा मरत नाही, मरतो तो थांबण्याने. किती अंतरात थांबला, यावर सगळं असतं.

ताशी ६० किलोमीटर हा आपल्याकडे काही भन्नाट वेग मानला जात नाही. कॉलेजला उशीर झालेली पोरं त्याहून जोरात जातात. पण ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. एवढा वेग नुसतं खाली पडून मिळवायचा असेल तर १४ मीटरवरून उडी मारावी लागेल, म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. ४० च्या वेगाला सव्वासहा मीटर पुरतात, ८० ला २५ मीटर लागतात. वेग ४० चा ८० केला, म्हणजे दुप्पट, तर उंची चौपट झाली. इथे वजनाचा संबंध येत नाही. सडपातळ असा नाहीतर पोट सुटलेले, मजला तोच.

आता ही गाडी रस्त्याला धरून कशाच्या जोरावर असते ते बघू. गाडी आणि चालवणारा मिळून १८० किलो धरा. टायरमधली हवा दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलोच्या दाबाची. भागाकार केला की रस्त्याला टेकलेला रबराचा भाग निघतो: ९० चौरस सेंटिमीटर, तोही दोन्ही चाकांचा मिळून. जेमतेम तळहाताएवढा. ब्रेक, वळणं, डबलसीट, सगळं त्या तळहातावर.

कोरड्या डांबरावर या रबराची पकड वजनाच्या सुमारे ७० टक्के असते, ओल्यावर ४० च्या आसपास येते, आणि पाण्याखाली चिखल, सांडलेलं डिझेल किंवा रंगाचे गुळगुळीत पट्टे असतील तर २० टक्केसुद्धा उरत नाही. म्हणजे ६० च्या वेगात ब्रेक दाबल्यावर कोरड्यात २० मीटर, ओल्यात ३५, चिखलात ७०. यात ‘अरे!’ म्हणून ब्रेककडे हात जाईपर्यंतचा एक सेकंद धरलेलाच नाही. त्याचे १७ मीटर वेगळे. पाण्याच्या थरावर टायर तरंगतो म्हणून गाडी घसरते, असा एक समज आहे. सपाट टायरसाठी विमानांच्या अभ्यासातून आलेलं एक सूत्र आहे. ते २८ पीएसआय हवेला लावलं तर तरंगण्याचा वेग ताशी ८८ किलोमीटर निघतो, आणि मोटरसायकलचा टायर गोल असल्याने त्याला त्याहूनही जास्त वेग लागतो. म्हणजे घाटात आपल्याला पाडतो तो पाण्याचा थर क्वचितच. पाण्याखाली दडलेली घाण पाडते. म्हणूनच उन्हाळाभर सांडलेलं तेल आणि साचलेली धूळ एकत्र भिजवणारा पहिला पाऊस मधल्या धो-धो पावसापेक्षा जास्त दगाबाज असतो.

पाऊस समोरून दिसतो कसा, तेही मोजता येतं. तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि दोन मिलिमीटरचे थेंब धरले तर एका घनमीटर हवेत एका क्षणी सुमारे ५०० थेंब लटकलेले असतात. ६० च्या वेगात हेल्मेटची काच त्यांना कापत जाते तेव्हा दर सेकंदाला १७० च्या आसपास थेंब तिच्यावर आपटतात. मोटारीला निदान वायपर असतो, हेल्मेटच्या काचेला डाव्या हाताचं बोट. आणि काच वर केली तर मोठे थेंब, जे उभे पडताना ताशी ३३ च्या फारसे वर जात नाहीत, ते आपल्या वेगामुळे जवळजवळ ७० ने गालावर बसतात. सुया टोचतात म्हणतात ते उगाच नाही.

मग गाडी जाते. सीटवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीड मीटरवर असतं, आणि तिथून खाली यायला त्याला ०.५५ सेकंद लागतात. आपण सावध होऊन काही करायला तेवढाच वेळ घेतो, बहुतेकदा जास्तच. म्हणजे ‘मी हात टेकवला म्हणून वाचलो’ ही कथा नंतर रचलेली असते. हात आपोआप गेला असेल, ठरवून नाही.

गंमत अशी की डोकं जमिनीवर आपटतं तेव्हा त्याचा खाली येण्याचा वेग ताशी २० किलोमीटरच असतो. गाडी ३० ने चालली असो वा ९० ने. आडवा वेग आडवाच राहतो, त्याचा हिशेब पुढे वेगळा होतो. म्हणून हेल्मेटच्या चाचण्याही ताशी शंभरने करत नाहीत. युरोपात वर्षानुवर्षं चाललेल्या नियमात हेल्मेट सेकंदाला साडेसात मीटरने, म्हणजे ताशी २७ ने लोखंडी ऐरणीवर आपटायचे आणि आतल्या नकली डोक्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या २७५ पटींपलीकडे गेला तर ते नापास व्हायचं. काहींना हे ऐकून फसवणूक वाटते. फसवणूक नाही, भूमिती आहे.

उघडं डोकं डांबरावर आपटलं तर थांबायला त्याला कातडी आणि हाड मिळून फार तर तीन मिलिमीटर मिळतात. झटका येतो गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट. हेल्मेटच्या आतल्या थर्माकोलने दोन सेंटिमीटर दबून घेतलं की तोच झटका ७५ पटींवर येतो. सतरा मिलिमीटर जास्तीचे, बस. हेल्मेट विकत घेतो म्हणजे आपण हे सतरा मिलिमीटर विकत घेतो. वरची चकचकीत टोपी आणि स्टिकर फुकट. ६० हून अधिक अभ्यास एकत्र करून काढलेला कोक्रेन परीक्षणाचा निष्कर्ष सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो. आमच्या पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, तेव्हा केस गळण्यापासून मान दुखण्यापर्यंत सगळे मुद्दे आले. सतरा मिलिमीटरचा मुद्दा काही आला नाही.

देशाचा आकडा यापुढे ठेवला की पोटात गोळा येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ७४,८९७ दुचाकीवरचे. दिवसाला २०५, म्हणजे दर सात मिनिटांना एक. हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ मृतांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. ‘मागच्याला कशाला हवं’ या वाक्याची ही किंमत. आणि यातले बहुतेक पावसात गेले असं समजत असाल तर तेही नाही. अपघातांपैकी साधारण तीन-चतुर्थांश स्वच्छ, कोरड्या हवेत होतात.

पावसात वाचणारे वाचतात कसे, ते इथे कळतं. खाली पडलात, हेल्मेटने आपलं काम केलं. आता उरला आडवा वेग, ६० चा. ओल्या डांबरावर शरीराची पकडही कमीच. टायरसारखीच ४० टक्के धरू. मग माणूस ३५ मीटर घसरत जातो आणि त्याला सव्वाचार सेकंद लागतात. ३५ मीटर ऐकायला भयानक वाटतं. पण शरीराला बसणारा ताण गुरुत्वाकर्षणाच्या फक्त ०.४ पट, एखाद्या टॅक्सीवाल्याने सिग्नलला कचकन ब्रेक मारावा तेवढा. ज्या निसरड्या रस्त्याने पाडलं तोच हळूहळू थांबवतो, वर कातडीही कमी सोलतो. कोरड्या रस्त्यावर साधी जीन्स सेकंदभरही तग धरत नाही. उरलेले सेकंद अंगाला सोसावे लागतात.

हेच ६० च्या वेगात मैलाच्या दगडाला अडलात तर? छाती, बरगड्या दबून जेमतेम ३० सेंटिमीटर मिळतात. ताण ४७ पट. वेग तोच, माणूस तोच, फक्त ३५ मीटरचे ३० सेंटिमीटर झाले.

मोटरसायकलच्या शर्यतवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. २०१३ च्या मे अखेरीस इटलीत मुजेल्लोच्या ट्रॅकवर मार्क मार्केझ सरावात ताशी सुमारे ३३८ ने पडला. आपल्या मजल्यांच्या हिशेबात ही उंची साडेचारशे मीटर होते, सहा कुतुबमिनार एकावर एक. तो दोन दिवसांनी शर्यतीत उतरला. त्याच वर्षी २७ जूनला हॉलंडमधल्या आसेनला पावसातल्या सरावात आदल्या वर्षीचा जगज्जेता होर्हे लोरेन्झो घसरला आणि त्याचं डावं गळपट्टीचं हाड मोडलं. विमानाने बार्सिलोनाला नेऊन पट्टी-स्क्रू बसवले, परत आणलं, आणि २९ तारखेला तो बाराव्या स्थानावरून निघून पाचवा आला. (दोन आठवड्यांनी जर्मनीत पुन्हा पडला आणि ती पट्टी वाकवून बसला. यांना शूर म्हणावं की आणखी काही, हे ज्याचं त्याने ठरवावं.) त्यांच्याकडे चामड्याचा सूट असतो, २५ मिलिसेकंदांत फुगणारी एअरबॅग असते, २०१८ पासून ती सक्तीची आहे. पण त्यांची खरी चैन म्हणजे वळणाबाहेरची मोकळी जागा. घसरायला मीटरच्या मीटर, मध्ये दगड नाही, झाड नाही, वडापावची गाडी नाही.

घाटात ती चैन नाही. ३० मीटर त्रिज्येचं एक उजवं वळण घ्या, मधल्या पट्ट्याजवळून, बाहेरचा कठडा तीन मीटरवर. (डावं वळण असेल तर घसरून समोरच्या बाजूला जाल, आणि तिथे एसटी आली तर पुढचं गणित करायची गरज राहत नाही.) या वळणाची वेगमर्यादा पकडच ठरवते: कोरड्यात ताशी ५२, ओल्यात ३९, चिखलात २८. पडलेला माणूस वळत नाही, सरळ जातो, आणि सरळ रेषेत कठडा पावणेचौदा मीटरवर येतो. एवढ्या अंतरात ओला रस्ता किती वेग खातो ते ठरलेलं आहे. ५० ने पडलेला कठड्याला ताशी ३३ ने लागतो. ४० ने पडलेला १४ ने. १० चा फरक तिथे पोचेपर्यंत १९ चा झालेला असतो आणि धडकेची ऊर्जा पाचपटीहून जास्त. आणि ३७ ने पडलेला कठड्याच्या वीतभर अलीकडे थांबतो.