स्कॅन होतं, पण मेल जात नाही
ऑफिसातली यंत्रं : भाग ६

गेल्या आठवड्यात अडकलेल्या कागदाबद्दल लिहिलं. तो रोग निदान डोळ्यांना दिसतो. आजचा दिसत नाही. कागद सरसर आत जातो, काचेखालचा दिवा फिरतो आणि मिनिटभराने पडद्यावर येतं, ‘पाठवता आलं नाही’. मग ऑफिसात ठरलेलं वाक्य : "काल तर चालत होतं!" मशीनवाल्याला फोन जातो. तो काच पुसतो, एक झेरॉक्स काढून दाखवतो, "मशीन ओके आहे, आयटीवाल्यांना विचारा" म्हणतो आणि सही घेऊन जातो. बहुतेक वेळा त्याचं खरं असतं.

मशीन स्वतः कुणाच्या इनबॉक्सपर्यंत जात नाही. आपल्यासारखंच आयडी-पासवर्ड देऊन ते मेल सर्व्हरवर लॉगिन करतं आणि स्कॅन त्याच्या हवाली करतं. या देवघेवीचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले तेव्हा त्यांत पासवर्डच नव्हता. पुढे स्पॅमचा सुळसुळाट झाला आणि सर्व्हर कडक होत गेले. मशीन मात्र बसवणाऱ्याने ज्या सेटिंगवर सोडलं तिथेच आहे.

सीए, वकील, सोसायट्यांची ऑफिसं यांच्याकडे मशीनमध्ये बहुधा जीमेलचं खातं टाकलेलं असतं. अशा उपकरणांना नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर आत घेणं गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतलं. आता खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावायचं आणि मशीनसाठी वेगळा ‘ॲप पासवर्ड’ काढायचा. तो सोळा अक्षरांचा असतो. वाचायला सोपा जावा म्हणून चार-चार अक्षरांत तोडून दाखवतात. भरताना मधल्या जागा सोडायच्या नाहीत. आणि मशीनच्या त्या टीचभर पडद्यावर बोटाने टाइप करण्याच्या फंदात पडू नका. मशीनचा आयपी पत्ता कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाकला की हीच सेटिंगं तिथे उघडतात.

यात एक मेख आहे. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी काढलेले ॲप पासवर्ड रद्द होतात. साहेब सोमवारी सकाळी पासवर्ड बदलतात, दुपारी स्कॅन बंद पडतं, आणि या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्याच डोक्यात येत नाही. म्हणून मशीनला स्वतंत्र खातं द्यावं. पक्षकारांची आधार कार्डं आणि करारनामे साहेबांच्या ‘सेंट’मध्ये साठत राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पासवर्ड बरोबर असेल तर पोर्ट बघा. २५ क्रमांकाचा पोर्ट मुळात सर्व्हर-सर्व्हरमधल्या व्यवहाराचा. स्पॅमच्या धास्तीने पुष्कळ इंटरनेट कंपन्या तो बंदच ठेवतात. पोर्टला सुरक्षित जोडणीची पद्धतही जुळायला हवी : ५८७ असेल तर स्टार्ट-टीएलएस, ४६५ असेल तर सुरुवातीपासून एसएसएल/टीएलएस. जोड्या चुकल्या की मशीन नुसतं वाट बघत बसतं. राउटर बदलला असेल तर गेटवे आणि डीएनएसही तपासा.

जुन्या मशीनचं दुखणं वेगळं. टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या. मशीनला त्याच येत असतील आणि कंपनीकडे नवं फर्मवेअर नसेल, तर पासवर्ड कितीही बदला, उपयोग शून्य. मग ऑफिसातल्याच एखाद्या कॉम्प्युटरवर रिले बसवावा लागतो : मशीनने मेल त्याला द्यायची, त्याने ती सुरक्षितपणे पुढे धाडायची.

आणि घड्याळ! आतली बॅटरी संपलेली असते, रात्री लाइट जाते, सकाळी मशीन २००० सालात जागं होतं. सर्व्हरचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतंच वैध असतं. मशीनच्या हिशेबाने ते अजून लागूच झालेलं नाही, म्हणून मशीन जोडणी नाकारतं आणि पडद्यावर मोघम ‘कनेक्शन फेल’ लिहितं. तारीख दुरुस्त केली की गाडं सुरू.

पण या सगळ्याला हात घालण्याआधी एकच पान, ब्लॅक अँड व्हाइट, स्वतःला पाठवून बघा. नाही गेलं तर मशीनच्या नोंदीतला आकडा टिपून घ्या. आयटीवाल्याला "जात नाहीये" सांगण्यापेक्षा तो सांगा. ५३५ म्हणजे आयडी किंवा पासवर्ड चुकला. ५३४ आला तर जीमेल ॲप पासवर्ड मागतंय. चारने सुरू होणारे आकडे तात्पुरती अडचण दाखवतात, थोड्या वेळाने पुन्हा पाठवावं.

एक पान गेलं आणि चाळीस पानांचा करारनामा परत आला, तर सेटिंगला हात लावू नका. ३०० डीपीआयला ए-फोरचं एक रंगीत पान म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके, दाबून लहान करण्याआधी जवळजवळ २६ एमबी. दाबल्यावर ते पुष्कळ लहान होतं, पण मेलमध्ये भरताना फाइल पुन्हा एक तृतीयांशाने फुगते आणि जीमेलची मर्यादा २५ एमबीची. ५५२ येतो तो इथे. मजकुराच्या कागदाला २०० डीपीआय आणि काळा-पांढरा पुरे. त्यानेही भागत नसेल, तर फाइल मेलने न पाठवता थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये टाकावी. ते कसं, ते पुढच्या आठवड्यात.