नोकरीची निवड आणि अग्रक्रमाचा प्रश्न : जामखेडच्या आरोळे दांपत्याच्या संदर्भात

पदवीनंतर नोकरी स्वीकारताना वेतन, स्थैर्य, ठिकाण, प्रतिष्ठा आणि कामाचे स्वरूप यांपैकी कशाला अग्रक्रम द्यावा, हा प्रश्न विद्यार्थी प्राध्यापकांना नेहमी विचारतात. ‘आवडीचे काम निवडा’ हे त्यावरील प्रचलित उत्तर अपुरे आहे. कारण काम प्रत्यक्ष केल्यावाचून आवड पारखली जात नाही. या दृष्टीने अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांची व्यावसायिक वाटचाल अभ्यसनीय ठरते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेल्या या दोघांनी १९६० साली विवाह केला, तेव्हाच ग्रामीण भागात राहण्याचा निश्चय केला होता. म्हणजे ठिकाण ठरले होते. काम कोणते, हे ठरायचे होते. ते ठरले वडाळा येथील मिशन रुग्णालयातील नोकरीत. बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच आजाराने पुन्हा दाखल होत. दूषित पाणी, कुपोषण, अस्वच्छता ही कारणे रुग्णालयाच्या भिंतींबाहेर होती आणि औषधोपचार तेथवर पोहोचत नव्हता. या अनुभवातून ‘आपले काम मूळ कारणापर्यंत जाते काय’ ही कसोटी पुढे आली. पहिल्या नोकरीचे खरे मोल येथे आहे. ती कायमची नसली तरी अग्रक्रम शिकविते.

त्यानंतर दोघे अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी पुढील वैद्यकीय प्रशिक्षण घेतले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. जामखेडची कथा बहुधा त्यागाची म्हणून सांगितली जाते व तयारीचा हा भाग गाळला जातो, हे योग्य नव्हे. १९७० मध्ये परतून त्यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लवकरच दुष्काळ पडला. ग्रामस्थांची निकड औषधांची नव्हती. ती पाण्याची आणि अन्नाची होती. डॉक्टरांनी कूपनलिका व बालकांचा आहार यांना अग्रस्थान दिले. १९७१ मध्ये दर हजारी १७६ असलेला अर्भकमृत्यूदर १९९० च्या दशकात ३० च्याही खाली आला. १९७९ मध्ये उभयतांना मॅगसेसे पुरस्कार लाभला.

नोकरी देणाऱ्याच्या बाजूनेही जामखेडचा अनुभव बोलका आहे. प्रारंभी खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका नेमल्या गेल्या. पात्रता होती, वेतन होते. तरी त्या गावात रुळल्या नाहीत व गावानेही त्यांना आपले मानले नाही. तेव्हा गावांनीच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यात आले. त्यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, काही दलित समाजातील. घर तेथेच असल्याने बदलीची ओढ नव्हती; बाळंतीण आणि तान्हे मूल रोजच्या ओळखीचे होते. यांपैकी काहींनी पुढे जामखेडला प्रशिक्षणासाठी येणाऱ्या डॉक्टरांनाही धडे दिले.