फळा कुणाचा आणि पाटी कुणाची?

शाळांतून आता नवी यंत्रे आली आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलावयाचे तर आरंभ जुन्या यंत्रांपासूनच केला पाहिजे. फळा आणि पाटी ही दोन्ही शिक्षणाची यंत्रेच होत. दोन्ही काळी, दोहोंवर पांढरी अक्षरे उमटतात. म्हणून आपण त्यांना एकाच घरातील थोरले-धाकटे समजतो. पण त्यांचा स्वभाव अगदी निराळा. फळा सर्वांशी एकदम बोलतो आणि कुणाचेच ऐकत नाही. पाटी एका मुलाची असते. त्याने काय लिहिले, कोठे अडखळला, काय पुसले, ते तिच्यावर दिसते. आणि मास्तर रांगांमधून फिरत असतील तर त्यांनाही दिसते.

पाटीच्याही आधी आपल्याकडे धूळपाटी होती. ‘धुळाक्षरे’ हा शब्द आज आपण केवळ प्रारंभ या अर्थाने वापरतो; पण त्यामागे धूळ पसरलेली खरीखुरी फळी आणि मुलाचे बोट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. जोडीला मुलांकडूनच मुलांना शिकविण्याची पद्धत बसविली, आणि १७९७ साली लंडनमध्ये तिची हकीकत छापली. पुढे इंग्लंडात तिची निव्वळ कवाईत झाली, ती गोष्ट वेगळी.

हा भेद ध्यानात घेतला म्हणजे भिंतीवरच्या ‘स्मार्ट बोर्डा’ची परीक्षा करणे सोपे जाते. त्यावर हृदयाचे ठोके पडताना दिसतात, ग्रह सूर्याभोवती फिरतात. हा लाभ लहान नव्हे. तथापि मागच्या बाकावरचा मुलगा पूर्वी फळ्यावरचे उतरवून घेत असे आणि आता पडद्यावरचे पाहत असेल, तर त्याच्या वाट्याला आलेला फळा अधिक रंगीत झाला, इतकेच. त्याला काय समजले हे त्या बोर्डाला ठाऊक नाही, मास्तरांनाही नाही.

ही अडचण केवळ आपल्या शाळांची आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर हे पदार्थविज्ञान शिकवीत. व्याख्याने उत्तम, विद्यार्थी खूश, परीक्षेतील गणितेही सुटत. मग त्यांनी एकदा साध्या प्रश्नांची एक चाचणी दिली. त्या जातीचा एक प्रश्न आपणही करून पाहावा : भरधाव मालमोटार आणि छोटी मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली, कोण कोणावर अधिक बल लावते? बहुतेकांचे मन मालमोटारीकडे धावते. खरे उत्तर असे की दोन्ही बले अगदी सारखी असतात. छोट्या मोटारीला हिसका अधिक बसतो तो तिचे वस्तुमान कमी म्हणून. न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असणारी मुलेही अशा प्रश्नांवर घसरली. एका विद्यार्थिनीने तर विचारले, की उत्तर तुम्ही शिकविल्याप्रमाणे लिहू, की मी एरवी विचार करते तसे? हा प्रश्न ज्या शिक्षकाला झोपू देणार नाही तोच खरा शिक्षक, असे आम्हांस वाटते.

१९९१ पासून माझूर यांनी वर्गाची रीत बदलली. थोडे सांगावयाचे, मग एक प्रश्न टाकावयाचा. प्रत्येकाने आधी स्वतःशी विचार करून उत्तर नोंदवावयाचे. मग निराळे उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याशी वाद घालून त्याला पटवावयाचे. आणि पुन्हा उत्तर द्यावयाचे. वर्गात गलका होतो, पण तो कामाचा गलका असतो. उत्तर नोंदविण्यासाठी पुढे हातात मावणारी, कळा असलेली छोटी यंत्रे आली. त्यांना ‘क्लिकर’ म्हणतात. २००८ साली नॅथॅनिएल लासरी यांनी ही यंत्रे आणि साधे पुठ्ठ्याचे पत्ते यांची तुलना प्रसिद्ध केली. मुलांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. यंत्राने शिक्षकाची मोजदाद सोपी केली. शिकविले ते प्रश्नाने आणि वादाने.

मग यंत्र कोठे खरोखर उपयोगी पडते? दिल्लीतील एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहान्द्रो गानिमियन यांनी सरकारी शाळांतील सहावी ते नववीच्या मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. सहावीतील मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होते! पाठ्यपुस्तक मात्र सहावीचेच चालू. वर्गातील सर्वांत कच्च्या तृतीयांश मुलांची शाळेत काही प्रगती झाल्याचे मोजमापात दिसलेच नाही. सोडतीत नाव निघालेल्या मुलांना शाळेबाहेरच्या ‘माइंडस्पार्क’ केंद्रात प्रवेश मिळाला. तेथे ४५ मिनिटे संगणकावर प्रत्येकाला त्याच्या पायरीचीच उदाहरणे मिळत, आणि ४५ मिनिटे लहान गटात माणूस शिकवी. साडेचार महिन्यांत गणितात एवढा फरक पडला की शंभरांच्या रांगेत मधोमध उभे असलेले मूल सुमारे चौदा जागा पुढे सरकावे. यात श्रेय यंत्राचे किती आणि माणसाचे किती, हे त्या प्रयोगाने वेगळे काढलेले नाही. तेव्हा नुसती यंत्रे घेऊन तोच गुण येईल असे मानू नये. पण नववीच्या वर्गात बसून पाचवीचा अपूर्णांक शिकणाऱ्या मुलाला त्याची पाटी सापडली, आणि शेजाऱ्यांसमोर त्याची फजितीही झाली नाही.

याच्या उलट पेरू देशाची कथा. तेथे खेड्यांतील मुलांना लॅपटॉप दिले गेले. तीनशेहून अधिक शाळांच्या पाहणीत पंधरा महिन्यांनंतर गणितात वा भाषेत काही सुधारणा आढळली नाही. यंत्र मुलाच्या हातात गेले, पण त्यावर त्याने कोणता प्रश्न सोडवावा आणि ते कोणी पाहावे, हे ठरलेलेच नव्हते.

आपल्या गावातील शाळेसाठी वर्गणी मागावयास कोणी आले तर खुशाल द्यावी. पण त्याआधी एक तास मागच्या बाकावर बसून यावे, आणि त्या तासात किती मुलांनी स्वतः उत्तर दिले ते मोजावे. चार रंगांचे पत्ते कापावयास एक दुपार पुरते. अवघड काम प्रश्न घडविण्याचे आहे. माझूर यांचा अनुभव असा की पहिल्या फेरीत शेकडा ३५ ते ७० मुलांचे उत्तर बरोबर आले, तरच वाद रंगतो. प्रश्न त्याहून सोपा असला तर बोलावयास काही उरत नाही, आणि फार कठीण असला तर आंधळ्याने आंधळ्यास वाट दाखवावी तसे होते. असा एक प्रश्न जमवावयास शिक्षकाला कधी कधी सबंध संध्याकाळ लागते. बोर्डासाठी देणगी देणारे भेटतात. त्या संध्याकाळीसाठी देणारा आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.