छोट्या टाकीतले शेजारी

गप्पी, मोली, टेट्रा वर्षभर टाकीत सुखाने नांदले, की हौशी माणसाला वाटू लागते, आता जरा वेगळा मासा आणावा. नुसता इकडून तिकडे पोहणारा नव्हे, तर काचेपाशी गेलो की आपल्याकडे पाहणारा, जोडीने राहणारा, पिल्ले सांभाळणारा. हे सगळे गुण सिक्लिड घराण्यात आहेत. पण भांडखोर म्हणूनही हे घराणे ओळखले जाते. त्यामुळे मला हमखास विचारले जाते, 'यातला शांत मासा कोणता?'

सिक्लिड हे नाव परके वाटले, तरी मासा आपल्या ताटातला आहे. उजनीच्या धरणातला चिलापी सिक्लिडच आणि गोवा-सिंधुदुर्गाच्या खाड्यांतला कालुंदरही सिक्लिडच. नशीब उघडेल म्हणून लोक घरी नेतात तो कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवर हॉर्नही याच गोतातला. जगात यांच्या १,७०० हून अधिक जाती आहेत. त्यातल्या साधारण दहा सेंटिमीटरच्या आतल्यांना दुकानदार 'ड्वार्फ सिक्लिड' म्हणतात. इतर माशांबरोबर ठेवायचे असतील, तर निवड यांच्यातूनच करावी.

आता 'शांत' या शब्दाचा अर्थ पाहू. हे मासे उगाच भांडत नाहीत. त्यांचे भांडण दोनच गोष्टींवरून होते : जागा आणि पिल्ले. प्रत्येक जोडी तळाचा एक तुकडा आपला मानते. अंडी घातली की त्या हद्दीत कुणालाही येऊ देत नाही. नदीत हरलेला मासा पळून जातो आणि प्रश्न मिटतो. टाकीत तो जाणार कुठे? फाटलेल्या शेपटीने वरच्या कोपऱ्यात दबून राहतो, खाणे सोडतो आणि काही दिवसांत मरतो. म्हणजे शांतता माशाच्या स्वभावावर जेवढी अवलंबून आहे, तेवढीच आपण दिलेल्या जागेवर.

म्हणून टाकी किती लिटरची आहे यापेक्षा तिचा तळ किती लांबरुंद आहे, हे आधी पाहावे. उंच, अरुंद टाकीत पाणी भरपूर मावते, पण जमीन वाढत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. तिच्यात एकच जोडी ठेवावी. दुसऱ्या जोडीचा विचार तीन फुटी टाकीच्या पुढे, तोही मध्ये दगड आणि वनस्पतींचा आडोसा करून.

दुसरी गोष्ट पाण्याची. बोअरचे पाणी बहुधा जड असते, शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत दुष्फेन. दुकानात सर्वांत देखणा दिसणारा निळा-पिवळा रॅम व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या गवताळ प्रदेशातला. त्याला सौम्य, किंचित आम्ल आणि २७ ते ३० अंश इतके उबदार पाणी लागते. पुणे-नाशिकच्या थंडीत हीटरवाचून तो टिकत नाही. नव्या, न मुरलेल्या टाकीत तर त्याला सोडूच नये. टाकीतली घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

पहिल्यांदाच सिक्लिड आणणाऱ्याला मी त्याचा भाऊ सुचवतो, बोलिव्हियन रॅम. रंग फिका, पण प्रकृती दणकट. २३ ते २८ अंशांत तो मजेत राहतो आणि शेजाऱ्यांना फारसा त्रास देत नाही. पाणी थोडे जड असेल, तर पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरियाचा क्रिबेन्सिस चालतो. मादीचे पोट जांभळट लाल होते आणि आई-बाप दोघेही पिल्लांचा कळप घेऊन टाकीभर हिंडतात. मात्र या काळात तळाशी चरणाऱ्या कोरी कॅटफिशची खैर नसते. त्या बिचाऱ्याला हद्द म्हणजे काय ते कळत नाही. क्रिब पाळायचे असतील, तर तळावर दुसरा मासा नको.

तिसरा पर्याय अपिस्टोग्रामाचा. त्यातला पेरूकडचा, काकाकुव्यासारखा तुरा असलेला कॅकाटुऑइडिस आपल्याकडे मिळतो. याचा संसार निराळा आहे. एक नर, दोन-तीन माद्या आणि प्रत्येक मादीचे स्वतंत्र घर. लहान टाकीत दोन नर ठेवले, तर एक जण मार खाणारच. घरासाठी खर्च करायला नको. नारळाची अर्धी करवंटी स्वच्छ उकळून घ्यावी, कडेला छोटे दार पाडावे आणि ती वाळूवर पालथी ठेवावी. मादी तिच्या आतल्या छताला अंडी चिकटवते आणि पिवळीधमक होऊन दारात पहारा देते.

शेजारी निवडताना मधल्या आणि वरच्या थरात पोहणारे मासे घ्यावेत. बोलिव्हियन रॅम किंवा क्रिबबरोबर आठ-दहा टेट्रा किंवा रासबोरा चालतील. निळ्या रॅमबरोबर निऑनऐवजी कार्डिनल टेट्रा घ्यावा, कारण त्याला ऊब मानवते. हे थवे निर्धास्त हिंडताना दिसले, की बुजरा सिक्लिडही लपणे सोडून बाहेर येतो.

दुकानात घाई करू नका. दुकानदाराला मासा तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. पोट खपाटीला गेलेला, धापा टाकणारा किंवा कोपरा धरून बसलेला मासा रंगाला भुलून घेऊ नका. मासा कितीपर्यंत वाढतो, हेही विचारा. तळहाताएवढा होणारा मासाही पिल्लू असताना बोटाएवढाच असतो. आणि एक जोडी नीट नांदली, म्हणून लगेच दुसरी आणू नका. टाकीत जागा रिकामी दिसते ती आपल्याला. तळावर राहणाऱ्या त्या दोघांच्या हिशेबी ती कधीच भरलेली असते.