शीतगृहात ठेवलेला माल बिघडला तर?



बेदाणा तयार झाला की चांगला भाव येईपर्यंत आपण तो शीतगृहात ठेवतो. चार-सहा महिन्यांनी खोकी उघडावीत, तर कधी माल काळवंडलेला, चिकट झालेला निघतो. शीतगृहवाला म्हणतो, "तुमचा माल मुळातच ओला होता." तुम्ही म्हणता, "तुमचं मशीन बंद होतं." अशा वेळी खरं कोणाचं धरायचं?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याचा माल सांभाळायला घेणाऱ्याने, शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घेतलीच पाहिजे. माल त्याच्या ताब्यात असताना बिघडला, तर आपण काळजी घेतली होती हे त्यानेच दाखवायचे असते. म्हणून वीज गेली तेव्हा जनरेटर चालू होता का, खोलीचे तापमान रोज लिहिले होते का, हे त्याला विचारा. तापमानाच्या नोंदवहीची नक्कल लेखी मागा.

मात्र माल ठेवताना तो चांगला होता, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. आणि इथेच आपले बहुतेक लोक अडतात. निफाड तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडे आले होते. दोनशे खोकी बिघडलेली आणि पावतीवर फक्त "बेदाणा, २०० नग". वजन नाही, ओलावा नाही, प्रत नाही. वर्षाची कमाई त्या कागदावर, आणि कागद असा! तेव्हा माल उतरवतानाच ओलावा मोजून घ्या. बेदाण्यात तो साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असावा. तो आकडा, वजन, प्रत, लॉट नंबर आणि तारीख पावतीवर लिहून घ्या. एक नमुना दोघांच्या सहीने सील करून ठेवला तर फारच उत्तम. विमा आहे का, हेही त्याच वेळी विचारा. कर्नाटकात जानेवारी २०१४ मध्ये एका शीतगृहाला आग लागून शेतकऱ्यांचा माल जळाला. विमा कंपनी म्हणाली, हे शेतकरी आमचे ग्राहकच नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते म्हणणे फेटाळले.

आता माल बिघडलेला दिसला तर काय करावे? घाईने उचलू नका. "माल सुस्थितीत मिळाला" असे छापलेल्या कागदावर सही तर मुळीच करू नका. करावीच लागली तर वर "माल खराब, तक्रार राखून" असे स्वहस्ते लिहा. दोन जाणत्या माणसांसमोर खोकी उघडून लेखी पंचनामा करा, फोटो काढा. मग माल निवडून विकून टाका. कुजत ठेवला तर तेवढे नुकसान तुमच्याच माथी येते. हिशेबपट्टी जपा. समजा चांगल्या मालाचा त्या दिवशीचा भाव किलोला २०० रुपये होता आणि तुम्हाला १२० मिळाले, तर ३,००० किलोमागे मागणी २,४०,००० रुपयांची झाली.

ही रक्कम मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच ठेवा. आधी समजुतीने बसून पाहा. गावचे संबंध असतात, पुढच्या हंगामातही तेच शीतगृह लागते. पण जे ठरेल ते कागदावर. पंधरा दिवसांत दाद लागली नाही, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करा. शीतगृह दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी तुम्ही राहता तिथे अर्ज चालतो. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तुम्ही दिलेले भाडे पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. माहितीसाठी १९१५ या क्रमांकावर फोन करा. अर्जाची मुदत नुकसान झाल्यापासून दोन वर्षांची आहे. बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही.