देवांचं रक्त, खंड्याचं घरटं आणि मूठभर सळया

पेट्रिकोर हा इंग्रजी शब्द ऐकायला होमरच्या काळातला वाटतो, पण त्याचं वय आहे जेमतेम साठीचं. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतले इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ साली ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध लिहिला. विषय होता पहिल्या पावसानंतर तापल्या जमिनीतून येणारा वास. कोरड्या दिवसांत दगड-माती काही तेलकट द्रव्यं शोषून धरतात आणि ओल लागली की ती सोडतात, असं त्यांना आढळलं. खडकातून वाफ नेऊन त्यांनी ते पिवळसर तेल वेगळं काढलं आणि त्याच्यासाठी नवा शब्द घडवला. ‘पेट्रा’ म्हणजे खडक आणि ‘इकोर’ म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा द्रव.

हा इकोर ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात भेटतो. ट्रॉयच्या रणांगणावर डायोमिडीझ हा माणूस ॲफ्रोडायटी या देवतेच्या हातावर भाला मारतो आणि जखमेतून रक्ताऐवजी इकोर वाहू लागतो. देव भाकरी खात नाहीत, द्राक्षासव पीत नाहीत, म्हणून त्यांच्या अंगात रक्त नसतं, असा होमरचा खुलासा. पुढे ग्रीक वैद्यांनी हाच शब्द जखमेतून झिरपणाऱ्या पाणचट स्रावाला लावला आणि इंग्रजी वैद्यकातही तो त्याच अर्थानं रुळला. देवलोकातून थेट मलमपट्टीत! बेअर आणि थॉमस यांनी त्याला पुन्हा वर उचललं, असंच म्हणायला हवं.

हा वास बाटलीत भरण्याची विद्या मात्र त्यांच्या कितीतरी आधीपासून कनौजच्या अत्तरियांकडे होती, आणि त्या निबंधात तिचा उल्लेखही आहे. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळायचे, वाफ बांबूच्या नळीतून चंदनतेल भरलेल्या भांड्यात न्यायची, की झालं मिट्टी का इत्तर. दुसऱ्याच वर्षी, १९६५मध्ये, मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या आणि याच वासात सामील असलेल्या एका रसायनाचं नामकरण झालं, जिओस्मिन. तेही ग्रीकच, ‘गे’ म्हणजे पृथ्वी, ‘ओस्मे’ म्हणजे वास. म्हणजे आपला मृद्गंध अक्षरशः जुळतो तो जिओस्मिनशी. पण लेखक-कवींनी उचलला पेट्रिकोर. जिओस्मिन प्रयोगशाळेतच राहिला.

शास्त्रज्ञांनी दिलेल्या नावांमधून ग्रीक पुराणकथा अशा गुपचूप आत येतात. पक्ष्यांच्या यादीत तर एक अख्खी शोकांतिका लपली आहे. राजा सीक्स समुद्रात वादळात बुडाला. त्याचं प्रेत किनाऱ्याला लागलेलं पाहून त्याची पत्नी ॲल्सिओनी हिनं पाण्यात झेप घेतली आणि देवांनी दोघांचे खंड्या पक्षी केले. ॲल्सिओनीचा बाप वाऱ्यांचा अधिपती होता. लेकीचं घरटं लाटांवर तरंगत असेतो, ऐन हिवाळ्यात, तो वारे कोंडून ठेवतो, अशी ही कथा. त्यावरून इंग्रजीत सुखाच्या, निवांत काळाला ‘हॅल्सिऑन डेज’ म्हणू लागले. शब्दाच्या आरंभी आलेला ‘ह’ मुळातला नव्हे. ग्रीकमध्ये समुद्राला ‘हाल्स’ म्हणतात आणि पक्ष्याचं नाव त्यावरूनच आलं असावं, या गैरसमजातून तो चिकटला.

विजेच्या तारेवर बसलेला, निळ्या पंखांचा, पांढऱ्या छातीचा आपला खंड्या शास्त्रीय नावानं हॅल्सिऑन आहे. आणि कोकणात दिसणारा चिमुकला, रंगीत तिबोटी खंड्या आहे सीक्स! पुराणातलं जोडपं नावांत असं दोन वेगळ्या प्रजातींत विभागलं गेलं. गंमत पुढेच आहे. तिबोटीची वीण ऐन पावसाळ्यात होते, वारे कोंडणं दूरच. घरटं लाटांवर नाही, ओढ्याकाठच्या मातीच्या कडेत, बिळात. ग्रीकांनी खंड्याचं घरटं नीट पाहिलंच नसावं, हे त्या कथेचं भाग्य.

माणसांसाठीच्या शब्दांत मला सर्वांत मजेदार वाटतो तो सिकोफंट. ‘सिकॉन’ म्हणजे अंजीर आणि ‘फाइनेइन’ म्हणजे दाखवणं, उघड करणं. अथेन्सबाहेर अंजीर नेण्यास बंदी होती आणि चोरून नेणाऱ्यांची चुगली करणारा तो सिकोफंट, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. ही हकिगत पुष्कळ विद्वानांना पटत नाही. मात्र अथेन्समध्ये सरकारी वकील नव्हता, कोणीही नागरिक खटला भरू शके आणि काही खटल्यांत दंडाचा वाटा फिर्यादीला मिळे, हे पक्कं. त्यातून खटल्यांवर पोट भरणारी जी जमात निपजली, तिला हे नाव होतं. आजच्या ग्रीकमध्येही हा शब्द खोटी बदनामी करणाऱ्यालाच वापरतात. इंग्रजीत तो चुगलखोरावरून सरकत सरकत हांजी हांजी करणाऱ्यावर जाऊन बसला. दोघांची बैठक एकाच दरबारात असते, त्यामुळे फार लांब जावं लागलं नसेल.

 

आता सळया. नाणी येण्यापूर्वी ग्रीसमध्ये मांस भाजायच्या लोखंडी सळया चलनासारख्या वापरत. सळई म्हणजे ‘ओबेलोस’. तिच्यावरून ओबोल हे नाणं आलं आणि ‘छोटी सळई’ या अर्थी ओबेलिस्क हा टोकदार स्तंभही. सहा सळयांची मूठ म्हणजे ‘द्राखमे’. हीच मूठ यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, नाण्यांबरोबर भारतात येऊन द्रम्म झाली. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत रकमा द्रम्मांत आहेत. द्रम्माचा प्राकृतात दम्म झाला, मग दाम. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, हा जुन्या धर्मशास्त्रातला नियम आपल्याकडे दामदुपट म्हणून ओळखला गेला. मुंबई हायकोर्टाच्या इंग्रज न्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रांत त्याचं भाषांतर केलं नाही. ‘रूल ऑफ दामदुपट’ असंच लिहिलं. त्यामुळे ड्रॅक्मा म्हणून आधीच इंग्रजीत गेलेली ती सळयांची मूठ कोर्टाच्या दारानं तिथे दुसऱ्यांदा पोचली.